धर्मांतर आणि इच्छास्वातंत्र्य

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत स्वीडनहून आलेल्या मिशनऱ्यांनीं आमच्या पश्चिम खानदेशांत बरींच वर्षें काम केलें. ते ल्यूथरपंथी देशांतले. परंतु धर्मांतराविषयीं खुद्द ल्यूथरचें मत काय होतें, हें शिंदखेड्याकडील सुशिक्षितांसही क्वचितच ठाऊक असतें. मिशनरी म्हणजे मन वळवूं पाहणारा, एवढीच आपली समजूत. ल्यूथर तर म्हणतो कीं, ईश्वराकडे मन वळविणें मिशनऱ्याच्या हातीं नाहीं आणि ज्याचें मन त्याच्याही हातीं नाहीं.

इरॅस्मसनें १५२४ सालीं इच्छास्वातंत्र्याची बाजू मांडली. ल्यूथरनें तिला पुढच्याच वर्षीं उत्तर दिलें. घरदार, व्यापार, शेतीवाडी यांत मनुष्य आपल्या इच्छेनें वागतो, हें त्यास मान्य होतें. ईश्वराकडे वळण्याची शक्ति मात्र पतित मनांत उरलेली नाहीं. ती वचनाच्या द्वारें, केवळ कृपेनें येते. यावर त्याच्या अनुयायांतच वाद माजला. परिवर्तनाचें सारें श्रेय ईश्वराचें, नाकारण्याचा दोष माणसाचा, असा निर्णय त्यांनीं १५७७ त केला. तर्कास हें जड जातें, आणि मला तें अद्यापि पुरतें पटलेलें नाहीं. तथापि श्रीवैष्णवांचा वाद ज्यांनीं ऐकला आहे, त्यांस तें परकें वाटूं नये. माकडाचें पिलूं आईस स्वतः बिलगतें. मांजरी आपलें पिलूं तोंडांत धरून नेते. ल्यूथर मार्जारन्यायवाला.

महाराष्ट्रांत हा प्रश्न प्रथम गाजला तो कोर्टांत. १८४३ त नारायण शेषाद्रि ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत यास मात्र, अल्पवयी म्हणून, मुंबईच्या न्यायालयानें बापाच्या स्वाधीन केलें. स्वखुषीनें आलास काय, वयांत आला आहेस काय, हे प्रश्न कोर्टानें विचारलेच पाहिजेत. त्यांच्या उत्तरांत अंतःकरणाचा इतिहास सांपडत नाहीं, इतकेंच.

तो पंडिता रमाबाईंनीं सांगितला आहे. १८८३ त इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. बाई मोठ्या स्वतंत्र बाण्याच्या. सिस्टर जेराल्डिनशीं त्यांचा पत्रांतून चाललेला वाद पाहिला म्हणजे त्यांची इच्छा दुर्बळ होती असें कोण म्हणेल? तरी १९०७ च्या आत्मनिवेदनांत त्या सांगतात कीं, तेव्हां आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो आठ वर्षांनीं मिळाला. रमाबाई ल्यूथरपंथी नव्हत्या. पण त्या काळीं त्यांच्या हातीं जें पुस्तक पडलें, तें हॅस्लम नांवाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचें होतें. कित्येक वर्षें पाद्रीपण केलेल्या या गृहस्थाचें परिवर्तन १८५१ त झालें, तें स्वतःचेंच प्रवचन चालूं असतां.