कावा आणि चाबूकस्वार

जुन्नर तालुक्यांतील बोरी बुद्रुक हें गांव विद्वानांस ठाऊक आहे तें कुकडीच्या कांठीं सांपडलेल्या ज्वालामुखीच्या राखेमुळें. तेथेंच आदिमानवाचीं दगडी हत्यारेंही मिळालीं, आणि डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं त्यांवर पुष्कळ श्रम केले. आम्हांस मात्र या नदीकांठीं उभें राहिलें कीं दुसरीच गोष्ट आठवते. कुकडीचें पाणी पुढें घोडनदीस मिळतें, घोडनदीचें भीमेस. आणि भीमथडी हा शब्द उच्चारतांच मराठी वाचकाच्या मनांत जें उभें राहतें तें राख नव्हे, दगड नव्हे, तर तट्टू होय.

या तट्टावर बसणाऱ्यांविषयीं आमच्याकडे जितकें लिहिलें गेलें, त्याच्या शतांशही त्यास बसण्याजोगें करणाऱ्यांविषयीं लिहिलें गेलें नाहीं. शिंगराच्या तोंडीं पहिला लगाम देणारा चाबूकस्वार, खरारा करणारा मोतद्दार, खूर राखणारा नालबंद, यांच्या नांवांचे पोवाडे कोणी रचले नाहींत. चाबूकस्वार या नांवानें वाचकांनीं फसूं नये. त्याचा चाबूक हा बहुतकरून दाखविण्याचा. मारून सरळ केलेला घोडा मारणारा दूर झाला कीं पुन्हा वांकडा होतो, हें त्याला आम्हां शिक्षकांपेक्षां आधीं कळलें असावें.

त्याच्या विद्येचा मूळ धडा म्हणजे कावा. लांब दोरीच्या एका टोकास घोडा, दुसऱ्या टोकास आपण, आणि त्यास वर्तुळांत फिरवावयाचें; एकदां डाव्या अंगानें, एकदां उजव्या. पाठीवर ओझें नाहीं, घाई नाहीं. हळूहळू जनावराचा एक कान आंत, माणसाच्या आवाजाकडे वळतो. दोन्ही अंगांनीं वांकण्याची, शब्दासरशी थांबण्याची त्यास सवय होते. मग खोगीर, आणि सर्वांच्या शेवटीं स्वार. ज्या शब्दास 'गनिमी' हें विशेषण लावून आपण आज त्याचा अर्थ केवळ डावपेंच असा करतों, तो शब्द आमच्या मतें या रिंगणांतून उठून रणांगणांत गेला आहे. शत्रूस बगल देऊन वळावयाचें, पुन्हा फिरून यावयाचें, ही गोष्ट सेनापतीच्या मनांत येऊन भागत नाहीं. ती घोड्याच्या मानेंत आधीं मुरलेली असावी लागते.

हा धडा किती जुना! इसवी सनापूर्वीं सुमारें चौदाव्या शतकांत मितन्नी देशाच्या किक्कुली नांवाच्या अश्वशिक्षकानें हित्ती राजांकरितां मृत्तिकाफलकांवर जी शिक्षणपद्धति लिहिली, तींत फेऱ्यांना एकवर्तन, पंचवर्तन, सप्तवर्तन यांसारखे शब्द आहेत. उच्चार थोडे निराळे, पण आपल्या कानांस परके नव्हेत. त्यानंतर सुमारें हजार वर्षांनीं ग्रीक झेनोफन यानें अश्वविद्येवर पुस्तक लिहिलें. रागाच्या भरांत घोड्याशीं कधींच व्यवहार करूं नये. बुजला तर ज्यास बुजला ती वस्तु भयंकर नाहीं हें त्यास दाखवावें, मारल्यास भीति दुणावते, असा त्याचा उपदेश आहे.

आतां जुन्नराकडे वळूं. १६५७ च्या एप्रिलअखेर शिवाजीमहाराजांनीं मोगलांचें जुन्नर शहर मारलें, तेव्हां दोनशें घोडीं हातीं लागल्याचें सभासद सांगतो. आमचे विद्यार्थी तीन लक्ष होनांची मत्ता लक्षांत ठेवतात, घोडीं विसरतात. परंतु परक्या हातास सरावलेलें जनावर एका रात्रींत आपलें होत नाहीं. शिवाय पागेचा घोडा सरकारचा, त्यावर बसणारा बारगीर आज एक, उद्यां दुसरा. शिलेदाराचें तसें नव्हे; घोडा त्याचा स्वतःचा, तो पडला तर पोटच गेलें. म्हणून पागेंतील घोडा कोणाही बारगीरास विश्वासानें पाठ देणारा हवा. पंचवीस घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद ही सभासदानें नोंदलेली व्यवस्था या दृष्टीनें वाचावी.

चिपळुणाजवळील हालवर्णाच्या छावणीस गेलेलें महाराजांचें पत्र सर्वपरिचित आहे. रयतेस त्रास न देण्यासंबंधीं आपण तें वाचतों, तें योग्यच. पण त्या पत्राचा आरंभ दाणावैरणीचा आहे. पावसाळ्याची बेगमी आतांच उधळाल तर पुढें घोडीं मरतील, आणि तीं तुम्हींच मारलीं असें होईल, हा त्याचा रोख. श्रावणांत उपाशी व उपेक्षित राहिलेला घोडा दसऱ्यास सीमोल्लंघनाच्या वेळीं स्वारास संभाळील कसा?

भीमथडी ही घोड्याची स्वतंत्र जात म्हणून २०२४ च्या आरंभीं कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेकडे नोंदली गेली. मेंढरांमागें फिरणाऱ्या धनगरांनीं बिऱ्हाड वाहण्यासाठीं ती राखली, हें त्यांचे उपकार. जुन्नर-आंबेगांवच्या घाटांत बैलगाड्यांपुढें जी घोडी धांवते, तिचें शिक्षण मात्र आजही चालू आहे. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें शर्यती बंद केल्या, २०२१ च्या डिसेंबरांत अटींवर पुन्हा सुरू झाल्या. मधलीं वर्षें घोडी पाळणाऱ्यांनीं कशीं काढलीं तीं त्यांस ठाऊक. बारीच्या आधीं ही घोडी आम्ही जवळून पाहिली आहे. मागें चार बैलांचे फुत्कार, दोहों बाजूंस हलग्या आणि आरोळ्या. आणि ती उभी, एक कान मागें, स्वाराच्या शब्दाकडे वळवून.