अडखळणारी नाडी
वैद्याने मनगटावर बोटे ठेवणे आपल्या घरांना नवे नाही. चीनमध्ये हान राजवटीच्या अखेरीस, इ.स. 200 च्या सुमारास, चांग चोंगचिंग यांनी ‘शांगहान लुन’ या ग्रंथात अडखळती नाडी आणि छातीतील धडधड एकत्र दिसल्यास द्यायचा काढा सांगितला: भाजलेला ज्येष्ठमध, जिनसेंग, दालचिनीच्या काड्या, आले, 30 चिनी बोरे अशी नऊ द्रव्ये, मद्य आणि पाण्यात उकळलेली. पुढे तिसऱ्या शतकात वांग शूहे यांनी ‘माय चिंग’मध्ये नाडीचे 24 प्रकार वर्णिले. यंत्राविना, केवळ बोटांनी केलेले हे निरीक्षण थोरच. पण वाचकहो, ज्येष्ठमध अति झाला तर रक्तातील पोटॅशियम घटते आणि ठोकाच बिघडू शकतो. म्हणून ग्रंथाचा मान राखावा. नाडी अडखळली, तर मात्र आधी ईसीजी काढावा.