खटला एकीचा, बोल सगळ्या बायांना

मागच्या बैठकीत मी आमच्या गटाचं इतिवृत्त वाचत होते. एका ताईबद्दल मी लिहिलं होतं, “हप्ता मुद्दाम भरला नाही.” ताई उठून म्हणाली, “माझी म्हैस मेली, ते कुठं लिहिलंय?” हप्ता भरला नव्हता हे खरं. ‘मुद्दाम’ मात्र माझ्या पदरचं. मी तिला विचारलंच नव्हतं. शब्द खोडला, पण घरी येताना बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे आठवत राहिल्या.

गोष्ट १८८१ ची. सुरतेकडे विजयालक्ष्मी नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा होती. विधवेला पुन्हा लग्न करायला १८५६ पासून कायद्याने मुभा होती, पण समाज कुठे ऐकतो? तिला दिवस गेले. अब्रूच्या भीतीने तिने पोटचं मूल मारलं, असा खटला झाला आणि फाशी सुनावली गेली. अपिलात फाशी टळून जन्मभर काळं पाणी झालं.

बातमी एवढीच. पण वर्तमानपत्रांनी तेवढ्यावर थांबायचं नाकारलं. ‘पुणे वैभव’ने तर या निमित्ताने सगळ्या बायकांच्या चालचलणुकीवरच तोंड सोडलं. खटला एकीचा आणि बट्टा सगळ्यांना! बाळाला बापही असणार, त्याचं काय?

ताराबाईंना हे सहन झालं नाही. त्यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक पुण्यात छापून घेतलं. प्रती ५००, किंमत ९ आणे. जे दुर्गुण बायकांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत काय, असा त्यांचा रोकडा सवाल. त्यांची भाषाही काही मवाळ नव्हती बरं का! पण हे माझं म्हणणं आहे, हे त्यांनी स्वतःचं नाव घालून उघड सांगितलं. बातमीच्या पदराआड लपवलं नाही. मला तरी हा फरक मोठा वाटतो.

त्यांच्यावर टीका झाली. जोतीराव फुले मात्र १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांच्या बाजूने उभे राहिले. पुढे पुस्तक विस्मरणात गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं, म्हणून आज आपल्याला ताराबाई ठाऊक.

आमच्या वहीत आता ‘कारण’ असा एक रकाना आखलाय. तो जिचा हप्ता राहिला ती सांगेल तसाच भरायचा, आणि तिला वाचून दाखवून मगच सही घ्यायची. पहिली नोंद म्हशीचीच आहे.