ब्रिटनमधील अलॉटमेंटवरील वसंतकालीन लागवड

अलॉटमेंट म्हणजे ब्रिटनमध्ये नगरपालिका, ग्रामपरिषद किंवा अन्य जमीनमालकाकडून वार्षिक भाड्याने मिळणारा आणि कुटुंबापुरता भाजीपाला व फळे पिकवण्यासाठी वापरला जाणारा जमिनीचा लहान तुकडा होय. असे अनेक तुकडे एकाच कुंपणात शेजारी-शेजारी असतात आणि प्रत्येकाचा लागवडदार वेगळा असतो. तुकड्याचे पारंपरिक माप १० चौरस रॉड, म्हणजे सुमारे २५३ चौरस मीटर आहे. भारतीय मापात हे क्षेत्र बरोबर अडीच गुंठे भरते. मागणी वाढल्यामुळे आता अनेक ठिकाणी याच्या निम्म्या आकाराचे तुकडे दिले जातात.

मार्च ते मे हा वसंत ऋतू अलॉटमेंटच्या वर्षातील सर्वांत निर्णायक काळ मानला जातो. वर्षभराच्या बहुतेक पिकांची पेरणी याच काळात होते. मात्र जुनी पिके संपलेली आणि नवी तयार न झालेली असल्यामुळे प्रत्यक्ष उत्पन्न याच काळात सर्वांत कमी असते. लागवडदाराचा जमिनीवरील हक्क कायद्याने लागवडीशी जोडलेला असल्याने या ऋतूला कायदेशीर महत्त्वही आहे.

## ऐतिहासिक पार्श्वभूमी

अलॉटमेंटची मुळे इंग्लंडमधील सामाईक जमिनींच्या खासगीकरणात आहेत. गावाच्या सामाईक जमिनीला कुंपण घालून ती खासगी मालकीची करण्याची प्रक्रिया १८व्या शतकात व १९व्या शतकाच्या पूर्वार्धात संसदेच्या कायद्यांद्वारे वेगाने पुढे गेली. गुरे चारण्याचा, सरपण गोळा करण्याचा आणि थोडेफार पिकवण्याचा परंपरागत हक्क त्यामुळे शेतमजुरांनी गमावला. त्याची अंशतः भरपाई म्हणून भूमिहीनांना लहान तुकडे देण्याची कल्पना पुढे आली. १८४५ च्या जनरल एनक्लोजर कायद्यात गरिबांसाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूद होती. परंतु प्रत्यक्षात राखली गेलेली जमीन अत्यल्प होती. १८८७ च्या कायद्याने मागणी असल्यास जमीन उपलब्ध करून देण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली आणि १९०८ च्या स्मॉलहोल्डिंग्ज अँड अलॉटमेंट्स कायद्याने ती अधिक स्पष्ट केली.

दोन्ही महायुद्धांत समुद्रमार्गे होणारी अन्नाची आयात धोक्यात आल्यामुळे अलॉटमेंटची संख्या झपाट्याने वाढली. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ती सुमारे १५ लाखांवर पोहोचली. दुसऱ्या महायुद्धात सरकारने ‘डिग फॉर व्हिक्टरी’ (विजयासाठी खणा) ही मोहीम राबवली. त्या काळात सुमारे १४ लाख तुकडे लागवडीखाली होते आणि लंडनमधील सार्वजनिक उद्यानांतही भाजीपाला पिकवला जात होता. युद्धानंतर घरबांधणीसाठी जमिनी घेतल्या गेल्या व संख्या घटली. भूगोलतज्ज्ञ हॅरी थॉर्प यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने १९६९ मध्ये आपला अहवाल सादर केला. अलॉटमेंटला गरिबांच्या सोयीऐवजी फुरसतीच्या बागेचे रूप द्यावे, असे त्यात सुचवले होते. सध्या तुकड्यांची संख्या सुमारे ३ लाख ३० हजार असल्याचा अंदाज सामान्यतः दिला जातो.

## कायदा आणि हंगाम

१९२२ च्या अलॉटमेंट्स कायद्यातील व्याख्येनुसार अलॉटमेंट बाग ही ४० चौरस रॉडपेक्षा (दहा गुंठ्यांपेक्षा) मोठी नसावी आणि लागवडदाराने ती प्रामुख्याने स्वतःच्या व कुटुंबाच्या उपभोगासाठी भाज्या व फळे पिकवण्याकरिता वापरावी, असे अपेक्षित आहे. याच कायद्याने जमीन सोडण्याच्या नोटिशीची मुदत शेतीच्या हंगामाशी जोडली. अशी नोटीस ६ एप्रिल रोजी किंवा त्यापूर्वी, अथवा २९ सप्टेंबर रोजी किंवा त्यानंतरच संपुष्टात येऊ शकते. म्हणजेच सर्वसाधारण परिस्थितीत वसंतात पेरलेले पीक हाती येण्याआधी लागवडदाराला हटवता येत नाही. १९५० च्या कायद्याने नोटिशीचा किमान कालावधी सहा महिन्यांवरून बारा महिने केला.

हे संरक्षण बिनशर्त नाही. भाडे ४० दिवस थकल्यास किंवा करार सुरू होऊन तीन महिने झाल्यावर नियमांचा भंग आढळल्यास एका महिन्याच्या नोटिशीने करार संपवता येतो. लागवडीखाली न आणलेला, तणांनी भरलेला तुकडा हे अशा कारवाईचे नेहमीचे कारण असते. त्यामुळे अनेक संस्थांचे प्रतिनिधी वसंताच्या अखेरीस किंवा उन्हाळ्याच्या आरंभी तुकड्यांची पाहणी करतात.

## हवामान

महाराष्ट्रातील शेतीचे वेळापत्रक मुख्यतः पावसावर ठरते. ब्रिटनमध्ये ते तापमानावर ठरते. पाऊस तेथे वर्षभर पडतो, परंतु जमीन थंड असताना पेरलेले बी उगवण्याऐवजी कुजते. बहुतेक कणखर भाज्यांच्या उगवणीसाठी जमिनीचे तापमान सुमारे ७ अंश सेल्सिअस, तर घेवड्याच्या वर्गातील पिकांसाठी सुमारे १२ अंश असावे लागते.

दुसरा निर्णायक घटक हिमतुषाराचा, म्हणजे रात्री पानांवर व जमिनीवर गोठणाऱ्या दवाचा आहे. दक्षिण इंग्लंडच्या बऱ्याच भागांत शेवटचा हिमतुषार एप्रिलच्या अखेरीस ते मेच्या मध्यापर्यंत पडतो. उत्तर इंग्लंड व स्कॉटलंडमध्ये तो मेच्या अखेरीपर्यंत किंवा त्यानंतरही पडू शकतो. टोमॅटो, भोपळावर्गीय पिके व रनर बीन ही घेवड्याची वेल एका रात्रीच्या हिमतुषाराने मरते. त्यामुळे अशी रोपे आधी घरात किंवा हरितगृहात वाढवतात. नंतर आठ-दहा दिवस ती दिवसा बाहेर व रात्री आत ठेवून काटक करतात आणि मगच जमिनीत लावतात. अवेळी हिमतुषाराची शक्यता असल्यास पिकावर फ्लीस नावाचे पातळ, न विणलेले पांढरे कापड अंथरले जाते.

## जमिनीची तयारी

नव्या लागवडदाराला मिळणारा तुकडा बऱ्याचदा पडीक असतो. काउच ग्रास हे हरळीप्रमाणे जमिनीखालून पसरणारे गवत आणि चांदवेलीच्या कुळातील बाइंडवीड ही तणे विशेष त्रासदायक ठरतात. मुळाचा लहानसा तुकडा राहिला तरी ती पुन्हा फुटतात. यांत्रिक नांगराने अशी जमीन उलटल्यास मुळांचे तुकडे होऊन तण वाढते. म्हणून पूर्ण तुकडा एकदम न खणता त्याचा एक भाग साफ करून पेरावा आणि उरलेला भाग जाड पुठ्ठ्याने किंवा काळ्या आच्छादनाने झाकून ठेवावा, असा सल्ला नवशिक्यांना दिला जातो.

पारंपरिक पद्धतीत शरद ऋतूत जमीन खणून शेणखत घातले जाते आणि वसंतात ढेकळे फोडून वाफे तयार केले जातात. अलीकडे चार्ल्स डाउडिंग यांच्या लेखनामुळे लोकप्रिय झालेली ‘न खणता’ लागवडीची पद्धतही रुजली आहे. तीत जमीन न उलटता वरून कंपोस्टचा थर दिला जातो व त्यातच लागवड केली जाते.

बाहेरून आणलेल्या शेणखताबाबत सावधगिरी आवश्यक असते. कुरणांवर फवारले जाणारे अमिनोपायरालिड हे तणनाशक जनावरांच्या पोटातून न विघटता शेणात उतरते. अशा खतामुळे २००८ मध्ये ब्रिटनमधील अनेक अलॉटमेंटवर टोमॅटो, बटाटा व शेंगवर्गीय पिकांचे नुकसान झाले. त्यामुळे खत वापरण्यापूर्वी ते कुंडीत घेऊन त्यात ब्रॉड बीनचे बी पेरले जाते. रोपाची कोवळी पाने वळून विकृत झाली, तर खत दूषित असल्याचे समजते.

## प्रमुख भाज्या

बटाटा: बियाण्याचे बटाटे फेब्रुवारीत थंड व उजेडाच्या जागी ठेवून त्यांना आखूड कोंब आणले जातात. लवकर तयार होणाऱ्या जाती मार्चच्या अखेरीस, मध्यम जाती एप्रिलच्या पूर्वार्धात आणि मेरिस पायपर, किंग एडवर्ड यांसारख्या मुख्य हंगामाच्या जाती एप्रिलच्या उत्तरार्धात लावतात. गुड फ्रायडेला बटाटे लावण्याची जुनी प्रथा आहे. परंतु त्या सणाची तारीख दरवर्षी बदलत असल्याने ती हवामानाचा विश्वसनीय निकष ठरत नाही. कोंब वर आल्यावर त्यांना मातीची भर दिली जाते. लवकरच्या जाती दहा ते बारा आठवड्यांत काढणीस येतात.

कांदावर्गीय पिके: कांद्याचे छोटे कंद मार्च-एप्रिलमध्ये सुमारे १० सेंटीमीटर अंतरावर, टोक जेमतेम वर राहील अशा रीतीने लावतात. पक्षी ते उपटून टाकत असल्याने वाफ्यावर जाळी लावली जाते.

शेंगवर्गीय पिके: ब्रॉड बीन हे थंडी सहन करणारे पीक फेब्रुवारीपासून पेरता येते. वाटाणा मार्चपासून टप्प्याटप्प्याने पेरला जातो. उंदरांपासून बी वाचवण्यासाठी तो छपराच्या पन्हळीत माती भरून उगवला जातो आणि रोपे तशीच सरकवून सरीत बसवली जातात. रनर बीन एप्रिल-मेमध्ये छपराखाली पेरून मेच्या अखेरीस किंवा जूनमध्ये बाहेर लावतात.

मुळभाज्या: पार्सनिपचे बी उगवण्यास तीन ते चार आठवडे घेते. ओळ ओळखता यावी म्हणून त्याच ओळीत लवकर उगवणारा मुळा पेरण्याची पद्धत आहे. गाजराची माशी जमिनीलगत उडत असल्याने गाजराच्या वाफ्याभोवती सुमारे ६० सेंटीमीटर उंचीचा आडोसा उभारतात.

शतावरीवर्गीय ॲस्परॅगस: याची मुळे मार्च-एप्रिलमध्ये लावली जातात, परंतु पहिली दोन वर्षे काढणी केली जात नाही आणि त्यानंतरही ती जूनच्या मध्यानंतर थांबवली जाते. हे पीक अनेक वर्षे टिकते. दीर्घकाळ प्रतीक्षा करावी लागत असल्याने जमिनीचा ताबा सुरक्षित असलेल्या ठिकाणीच ते लावणे व्यवहार्य ठरते.

## फळे

अलॉटमेंटवर झुडुपवर्गीय फळांना प्राधान्य असते. रास्पबेरी, ब्लॅककरंट व गूजबेरी यांची मुळांवर माती नसलेली रोपे कळ्या फुटण्यापूर्वी, म्हणजे साधारणतः मार्चपर्यंत लावावी लागतात. स्ट्रॉबेरीची फळे मातीला टेकून कुजू नयेत, यासाठी वसंताच्या अखेरीस रोपांखाली गव्हाचे किंवा बार्लीचे काड पसरतात.

मोठ्या वृक्षांची सावली शेजारच्या तुकड्यावर पडत असल्याने बऱ्याच ठिकाणच्या नियमांत फळझाडांवर मर्यादा असते. परवानगी असल्यास सफरचंदाची कलमे एम ९ किंवा एम २६ यांसारख्या बुटक्या खुंटांवर बांधलेली घेतात. सफरचंद एप्रिलच्या अखेरीस व मेमध्ये फुलते. उमललेल्या फुलांना उणे २ अंशांच्या आसपासचे तापमानही हानी पोहोचवते आणि एका रात्रीत वर्षभराचे फळ जाऊ शकते.

## टंचाईचा काळ

एप्रिल-मे या काळास इंग्रजीत ‘हंग्री गॅप’ म्हणजे भुकेची पोकळी असे नाव आहे. हिवाळी कोबी, लीक व पार्सनिप संपलेले किंवा फुलावर आलेले असतात, साठवलेल्या बटाट्यांना कोंब फुटलेले असतात आणि वसंतात पेरलेले काहीही तयार नसते. दिवस मोठे व ऊबदार होत असताना शेत रिकामे असणे हे त्या अक्षांशावरील शेतीचे वैशिष्ट्य आहे. आयात व शीतगृहांमुळे ही पोकळी बाजारात जाणवत नाही. अलॉटमेंटवर मात्र ती आजही प्रत्यक्ष दिसते.

ती भरून काढण्याचे नियोजन वर्षभर आधी करावे लागते. जांभळी स्प्राउटिंग ब्रोकोली आदल्या वसंतात पेरली, तर ती या काळात मिळते. रूबार्ब ही वनस्पतिशास्त्रीयदृष्ट्या भाजी, परंतु फळाप्रमाणे गोड पदार्थांत वापरली जाते. हिवाळ्याच्या अखेरीस तिच्यावर उंच मडके पालथे घातल्यास अंधारात कोवळे देठ लवकर वाढतात. रूबार्बची पाने विषारी असल्याने केवळ देठ खाल्ले जातात.

## कीड व रोग

ओलसर वसंतात शेंबडी गोगलगाय हा रोपांचा मुख्य शत्रू असतो. मेटाल्डिहाइडयुक्त गोळ्यांच्या खुल्या जागेतील वापरावर ग्रेट ब्रिटनमध्ये २०२२ पासून बंदी आहे. त्यामुळे हाताने वेचणे, रोपे मोठी करून लावणे व परजीवी सूत्रकृमी सोडणे हे उपाय केले जातात. कोबीवर्गीय पिकांच्या मुळांना गाठी आणणारा क्लबरूट रोग जमिनीत अनेक वर्षे टिकतो. त्यासाठी आम्लधर्मी जमिनीत चुना मिसळतात आणि पिकांची फेरपालट तीन ते चार वर्षांच्या चक्राने करतात. बटाट्यावरील करपा सहसा उन्हाळ्यात पसरतो. त्याचे बीजाणू वाऱ्याने उडत असल्याने एका तुकड्यावरील दुर्लक्ष शेजाऱ्यांना भोवते. आदल्या वर्षीचे जमिनीत राहिलेले बटाटे वसंतात उगवताच उपटणे म्हणूनच सामूहिक जबाबदारी समजली जाते.

## दक्षिण आशियाई पिके

लेस्टर, बर्मिंगहॅम, लंडन इत्यादी शहरांतील भारतीय उपखंडातून आलेल्या कुटुंबांनी मेथी, कोथिंबीर, लसूण व विविध भोपळे यांची लागवड अलॉटमेंटवर रुजवली आहे. मेथी व कोथिंबीर थंड हवेत चांगल्या येत असल्याने त्या एप्रिलपासून उघड्यावर पेरता येतात. दुधी भोपळ्याला मात्र हरितगृह किंवा विशेष ऊबदार जागा लागते. महाराष्ट्रात ज्या पालेभाज्या रब्बी हंगामात जोमाने वाढतात, त्यांना ब्रिटनमधील वसंत मानवतो.

## सद्यस्थिती

अनेक शहरांत तुकड्यासाठी काही वर्षे प्रतीक्षा करावी लागते. इंग्लंड व वेल्समध्ये सहा स्थानिक मतदारांनी लेखी मागणी केल्यास तिचा विचार करणे संबंधित संस्थेवर बंधनकारक आहे. १९२५ च्या कायद्यानुसार अलॉटमेंटसाठीच संपादित केलेली जमीन मंत्र्यांच्या संमतीशिवाय स्थानिक संस्थेला विकता किंवा अन्य कामी वापरता येत नाही. परंतु तात्पुरत्या स्वरूपात दिलेल्या व खासगी जमिनींना हे संरक्षण नाही. स्कॉटलंडमध्ये २०१५ च्या सामुदायिक सक्षमीकरण कायद्याने प्रतीक्षायादी ठेवणे व ती मर्यादेत राखण्यासाठी पावले उचलणे ही जबाबदारी स्थानिक संस्थांवर सोपवली आहे. प्रतीक्षायादी मोठी असलेल्या ठिकाणी पडीक राहिलेला तुकडा काढून घेऊन पुढील अर्जदारास दिला जातो.