फर्नेस पेटते, विझते, पुन्हा पेटते: ०.७ ची गोष्ट

आजचा एपिसोड एका आकड्यावर आहे: ०.७. इतकुसा आकडा, पण अमेरिकेतल्या लाखो घरांच्या हीटिंगचा हिशोब कितीतरी वर्षं याच्यावर उभा होता.

आधी मशीन समजून घेऊ. अमेरिकेच्या थंड भागात घराच्या तळघरात फर्नेस असते. नाव ऐकून पोलादाचा कारखाना डोळ्यांसमोर येईल, पण ही कपाटाएवढी पेटी. आत गॅस किंवा तेल जळतं, हवा तापते, पंखा ती खोल्यांमध्ये ढकलतो आणि धूर धुराड्यातून बाहेर. न्यू जर्सीतली मावशी फोनवर ‘हीटर लावलाय गं’ म्हणते, तेव्हा बरेचदा हीच चालू असते.

ही फर्नेस सलग चालत नाही. थर्मोस्टॅट म्हणाला ‘गार झालं’ की पेटते, ‘पुरे’ म्हणाला की विझते. आता घरातला तवा आठवा. एक पोळी भाजली, गॅस बंद केला, दहा मिनिटांनी दुसरीसाठी पुन्हा तवा तापवला, असं करत बसलो तर आई काय म्हणेल? पोळीपेक्षा तवा तापवण्यातच गॅस जातो. फर्नेसचं तेच, वर आणखी एक भानगड: विझल्यावरही जुन्या फर्नेसचं धुराडं उघडंच. घरातली ऊबदार हवा त्यातून निवांत वर निघून जायची.

१९७३ पर्यंत याची फारशी कुणाला पडली नव्हती. इंधन स्वस्त होतं. बसवणारा कारागीर अंदाजाने मोठी फर्नेस द्यायचा, आणि मला त्याचं लॉजिक पटतं. ‘घर गार पडतंय’ म्हणून भर थंडीत फोन येतो. ‘फर्नेस जरा मोठी झाली’ म्हणून कुणी फोन करत नाही. पण मोठी फर्नेस घर पटकन तापवते, पटकन विझते. म्हणजे तवा जास्त वेळा गार.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि चित्र पालटलं. १९७५ मध्ये अमेरिकन संसदेने ऊर्जा धोरणाचा कायदा केला: घरगुती उपकरणांची कार्यक्षमता मोजा आणि ग्राहकाला सांगा. प्रश्न असा, की मोजायची कशी? सलग पेटत ठेवून मोजली तर आकडा छान येतो, पण घरात ती तशी चालतच नाही. हे काम नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सकडे आलं. केली, ची आणि कुक्लेविच यांनी १९७८ मध्ये पूर्ण हंगामाची कार्यक्षमता काढायची पद्धत मांडली. यातूनच पुढे ‘एएफयूई’ हा आकडा लेबलवर आला.

०.७ इथलाच. चाचणीने गृहीत धरलं, की फर्नेस गरजेपेक्षा ७० टक्के मोठी असते, म्हणजे १.७ पट. गणित करून बघा, मजा येते. कडाक्याचा दिवस ५ अंश फॅरनहाइट, सरासरी दिवस ४२, आणि ६५ च्या वर हीटिंगची गरज नाही. सरासरी दिवशी गरज ६० पैकी २३, म्हणजे ३८ टक्के. त्याला १.७ ने भागा: २२.५ टक्के. प्रमाणित चाचणीत बर्नर ३.८७ मिनिटं चालू आणि १३.३ मिनिटं बंद ठेवतात. गुणोत्तर काढा, तेच २२.५! कारागिरांची अंदाजपंचे सवय दशांश चिन्हासकट मानकात जाऊन बसली.

त्याच सुमारास लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत ‘डीओई-२’ तयार होत होता. अख्ख्या इमारतीची वर्षभराची ऊर्जा, तासातासाने, ८७६० तास. कोड फोरट्रानमध्ये. पण सतरा मिनिटांचं पेटणं-विझणं तासाच्या पायरीत दिसणार कसं? मग त्यांनी जे केलं ते आपण कोडवाले आजही करतो: न दिसणाऱ्या गोष्टीच्या जागी एक वक्ररेषा ठेवली. फर्नेसवर किती भार आहे ते सांगा, इंधन किती लागेल ते रेषा सांगते. कॅलिफोर्नियाच्या नियमावलीत छापलेले सहगुणक घ्या: ०.०१८६१, १.०९४२०९, उणे ०.११२८१९. निम्म्या भाराला इंधन निम्मं नाही, सुमारे ५३.८ टक्के. २० टक्के भाराला २३.३ टक्के, म्हणजे सहावा हिस्सा जास्त.

यात खरी गोची घरमालकाची. भिंतींत इन्सुलेशन भरलं की घराची गरज कमी होते, पण तळघरातली फर्नेस तीच राहते. गरजेच्या मानाने ती आणखी मोठी ठरते, विझून गार पडण्यातला तोटा वाढतो आणि बचत कागदावरच्यापेक्षा कमी येते. रेषा नसलेलं मॉडेल त्याला फसवतं.

आणि जुनी रेषा असलेलंही. १९८७ च्या कायद्याने १९९२ पासून फर्नेसला किमान ७८ टक्के एएफयूई सक्तीचं केलं. सतत जळणारी पायलट ज्योत हळूहळू गेली, धूर ओढायला छोटा पंखा आला, बंद असतानाची गळती घटली. मशीन बदललं, सहगुणक मात्र कोडमध्ये तसेच. २००० मध्ये हेंडरसन, पार्कर आणि हुआंग यांनी डीओई-२ मधल्या घरगुती उपकरणांच्या या रेषा सुधारायला घेतल्या.

२००१ मध्ये ‘एनर्जीप्लस’ आलं, तासापेक्षा बारीक पायऱ्यांचं. त्यातही फर्नेसच्या कॉइलला ही रेषा जोडायची एक जागा आहे. ती ऐच्छिक आहे. रिकामी सोडली तर प्रोग्राम तक्रार करत नाही. कितीही वेळा विझली तरी त्याच्या लेखी फर्नेस कधी गार पडतच नाही.