आधी भोंगा, मग वीज

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

माझा भाचा पुण्यात शिकतो आणि गिटार वाजवतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तो पहूरला आला आणि जेवता जेवता म्हणाला, "मामू, मला ॲम्प्लीफायर घ्यायचाय, वाल्व्हचा. त्यात हेवीही वाजलं पाहिजे आणि लीडही. कोणता घेऊ?" माझी बहीण हसली. कविता लिहिणाऱ्या माणसाला आमच्याकडे कोणी ज्वारीचा भावसुद्धा विचारत नाही. तिथे यंत्राचा सल्ला कोण मागणार? पण पोराला ठाऊक होते, की त्याच्या नानांचा, म्हणजे माझ्या अब्बांचा, पहूरला लाऊडस्पीकरचा धंदा होता. मी बी.ए. होईपर्यंत त्या धंद्यात तारा ओढल्या आहेत, झाडांवर भोंगे बांधले आहेत आणि एकदा घरावर संकटही आणले आहे. ते पुढे सांगतो.

आधी हा वाल्व्ह म्हणजे काय, ते पाहू. दिव्यासारखी काचेची नळी. आतली हवा काढून टाकलेली. आत एक तार तापते आणि तिच्यातून इलेक्ट्रॉन निघून समोरच्या पत्र्याकडे धावतात. १९०४ साली इंग्लंडमध्ये फ्लेमिंगने अशी नळी बनवली. दोन वर्षांनी अमेरिकेत ली द फॉरेस्टने तार आणि पत्रा यांच्यामध्ये एक जाळी बसवली. सारी करामत त्या जाळीची. पाटाच्या पाण्याला बारे असते ना, तशी ती असते. बारे बोटभर हलवले की पाण्याचा लोंढा कमीजास्त होतो. तसा जाळीवर आलेला बारीकसा आवाज मोठ्या विजेला आपल्या तालावर नाचवतो. कुजबुजीचा पुकारा होतो तो असा.

या पुकाऱ्याची गरज आधी सभांना लागली. १९३६ च्या डिसेंबरात आमच्या खान्देशात फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. पंडित नेहरू अध्यक्ष होते. अशा जमावाला माणसाचा घसा किती पुरणार? त्या काळच्या सभांची छायाचित्रे पाहा. पुढाऱ्यांच्या तोंडासमोरच्या मायक्रोफोनवर 'शिकागो रेडिओ' अशी पाटी दिसते. नाव अमेरिकन असले तरी धंदा आपल्या मोटवाने कुटुंबाचा. पुढे हीच यंत्रे लग्नात, उरुसात, गणपतीत आली. अब्बांचा संच गणपतीचे दहा दिवस मंडळात असे आणि संदलच्या रात्री दर्ग्यासमोर. भोंगा तोच, वाल्व्ह तेच, तारा ओढणारा मीही तोच.

गिटारची गोष्ट वेगळी आहे, पण तिची अडचण तीच होती. अमेरिकेतल्या नाचगाण्याच्या बँडमध्ये पितळी वाद्यांपुढे बिचारी गिटार ऐकूच येत नसे. १९३१-३२ च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये बोशां आणि रिकनबॅकर यांनी तारांजवळ लोहचुंबक आणि तारेची गुंडाळी बसवली. तार हलली की गुंडाळीत वीज उठते आणि ती ॲम्प्लीफायरला जाते. ही पहिली विजेची गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवायची, हवाईयन पद्धतीची होती. आपल्याकडेही विजेची गिटार प्रथम आडवीच आली. हवाईचे वादक टाऊ मो १९४० च्या दशकात कलकत्त्यात राहिले आणि तिथून हे वाजवणे पसरले. व्हॅन शिपले यांच्या गिटारवर वाजवलेल्या सिनेगीतांच्या रेकॉर्डी घरोघर वाजल्या. १९७१ च्या 'दम मारो दम'मधली गिटार भूपिंदर सिंग यांची. गझल गाणारे तेच भूपिंदर, हे अनेकांना आजही ठाऊक नसते.

आमच्या पहूरला मात्र लीड गिटार आली ती बेंजो होऊन. हा बेंजो म्हणजे अमेरिकन बँजो नव्हे. लाकडी पेटीवर पोलादी तारा आणि टाइपरायटरसारखी बटणे. जपानमध्ये नागोया शहरात १९१२ साली मोरिता गोरो यांनी 'ताईशोगोतो' नावाचे वाद्य काढले. त्याची ही हिंदुस्थानी पोर. कोणी बुलबुलतरंग म्हणते, आम्ही बेंजो म्हणतो. कव्वालांनी ते उचलले, मग वरातीच्या पार्ट्यांनी. पेटीत गुंडाळी बसली, तार अब्बांच्या मशीनला लागली आणि नवरदेवाचा घोडा बेंजोवर नाचू लागला.

आमच्याकडे येणारा एक बेंजोवाला अब्बांना नेहमी एकच गोष्ट सांगे, "चाचा, आवाज फाटला पाहिजे, पण चिरकला नाही पाहिजे." भाच्याने विचारला तो प्रश्न हाच. फाटणे आणि चिरकणे यांतला फरक काय?

वाल्व्हला त्याच्या ताकदीपेक्षा जास्त आवाज दिला की तो पुरा मोठा करू शकत नाही. लाटेचे शेंडे दबतात, सपाट होतात. त्या दबण्यातून मूळ सुरासोबत वरचे नवे स्वर जन्मतात आणि सूर जाड होतो, लांबतो. वाल्व्ह हे दबणे हळूहळू करतो. साधा ट्रान्झिस्टर मर्यादेला पोहोचला की शेंडा कापल्यासारखा तोडतो. म्हणून पहिला फाटतो आणि दुसरा चिरकतो.

गंमत अशी, की इंजिनियर लोकांच्या लेखी हा दोषच. सगळी यंत्रे तो टाळण्यासाठी बनली. १९५१ साली मेम्फिसला आइक टर्नरच्या साथीदारांनी 'रॉकेट एटी-एट' हे गाणे रेकॉर्ड केले, तेव्हा त्यांच्या ॲम्प्लीफायरचा स्पीकर प्रवासात फाटला होता. त्यात कागद कोंबून काम भागवले आणि तो घरघरता आवाजच लोकांना आवडला. १९६२ मध्ये लंडनला ड्रम विकणाऱ्या जिम मार्शलच्या दुकानात अमेरिकन फेंडर ॲम्प्लीफायरच्या नमुन्यावर नवा ॲम्प्लीफायर तयार झाला. तरुण वादक म्हणाले, अजून मोठा हवा; १९६५ पर्यंत १०० वॉटचा आला. बर्मिंगहॅमच्या टोनी आयोमीची बोटांची टोके पत्र्याच्या कारखान्यात तुटली होती. त्याने बोटांना टोप्या चढवल्या, तारा हलक्या घेतल्या, पुढे त्या सैलही केल्या. १९७० साली त्याच्या 'ब्लॅक सॅबथ'ची पहिली तबकडी आली. आज ज्याला 'हेवी' म्हणतात तो आवाज त्या जायबंदी कामगाराच्या हातून निघाला. दुखापतीतून सूर निघतो हे आम्हा कवींना नवीन नाही. पण इथे ते अक्षरशः खरे आहे.

अडचण एकच होती. वाल्व्ह फाटायला हवा तर आवाज कान बहिरे करण्याइतका वाढवावा लागे. कॅलिफोर्नियात रँडल स्मिथ या दुरुस्ती करणाऱ्या माणसाने १९७० च्या सुमारास तोड काढली. छोट्या फेंडरमध्ये त्याने बदल केले आणि पुढे आवाज मोठा करण्याच्या पायऱ्या एकामागे एक लावल्या. पहिल्या पायऱ्यांवर सूर फाटू द्यायचा, शेवटच्या बटणाने एकूण आवाज हवा तेवढाच ठेवायचा. त्याला म्हणतात मास्टर व्हॉल्यूम. मेसा बूगी हे नाव तिथले. एकाच पेटीत साफ, जड आणि लीड असे तिन्ही सूर मिळू लागले ते या युक्तीमुळे.

आता माझ्या अपराधाविषयी. १९८६ चा उन्हाळा. दहावीची परीक्षा देऊन मी मोकळा होतो. एका वरातीत भोंगा निंबावरून काढून खांबावर बांधायचा होता. बेंजोवाला वाजवतोय, मशीन पूर्ण आवाजावर, आणि मी मशीन बंद न करता भोंग्याची तार सोडली. क्षणभर काही झाले नाही. मग पेटीच्या आत निळी ठिणगी कडकडली आणि जळक्या व्हार्निशचा वास आला. आऊटपुट ट्रान्सफॉर्मर गेला.

कारण नंतर समजले. वाल्व्ह आणि भोंगा यांच्यामध्ये हा ट्रान्सफॉर्मर दुभाष्यासारखा असतो. भोंगा जोडलेला असला की ताकदीला बाहेर जायला वाट मिळते. भोंगा काढला आणि मशीन वाजते ठेवले, तर गुंडाळीत विजेचा दाब भयंकर वाढतो आणि तारेवरचे पातळ आवरण फुटते. वाट बंद झालेल्या पाण्याने बांधच फोडावा, तसे.

ट्रान्सफॉर्मर पाचोऱ्याच्या छोट्या गाडीने न्यायचा आणि पुढे जळगावला. (ती पाचोरा-जामनेर गाडीही २०२० पासून बंद आहे.) गुंडाळीवाल्याने जुनी तार उलगडताना एक एक वेढा मोजला, वहीत लिहिला. पंधरा दिवस लागले. ऐन लग्नसराईत तीन सुपाऱ्या परत गेल्या. त्या वर्षी माझी अकरावीची फी उसनवारीवर भरली गेली. अब्बांनी हात उगारला नाही. एवढेच म्हणाले, "बेटा, पहले भोंगा, फिर बिजली." बंद करताना उलट: आधी वीज, मग भोंगा. मी ते वाक्य आजवर विसरलो नाही.

पुढे ट्रान्झिस्टरची मशीन आली. हलकी, बॅटरीवर चालणारी, रिक्षात मावणारी. वाल्व्हचा संच कोपऱ्यात पडला. अब्बा गेल्यावर एके दिवशी मीच तो भंगारवाल्याला दिला. त्याने ट्रान्सफॉर्मरचे तांबे पाहून किलोवर भाव केला. त्यात ईएल-३४ या वाल्व्हची जोडी होती. लंडनच्या मार्शलमध्ये पुढे हाच वाल्व्ह नावाजला, हे मला भाच्याने सांगितले. तो हे सांगत होता तेव्हा मी पाणी प्यायला उठलो.

तर भाच्याला मी काय सांगितले? पहिले म्हणजे वॉटच्या आकड्याला भुलू नकोस. पन्नासच्या जागी शंभर वॉट घेतले तर आवाज दुप्पट होत नाही, जेमतेम थोडा वाढतो. कानाला दुप्पट वाटायला ताकद दहापट लागते. तुला खोलीत वाजवायचे आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पंधरा-वीस वॉटचा वाल्व्ह तुलाही पुरेल आणि शेजाऱ्यांनाही.

दुसरे, दोन चॅनेल हवेत आणि मास्टर व्हॉल्यूम हवाच. जड सुराला खालचा भाग घट्ट लागतो. तो सैल असला की चिखल होतो. लीडला मधला भाग भरलेला लागतो, नाहीतर एकटा सूर गर्दीत हरवतो. एकाच बटणावर दोन्ही साधत नाही. ईएल-३४ मधल्या पट्टीत बोलतो. अमेरिकन सिक्स-एल-सिक्स खाली भक्कम आणि जास्त साफ राहतो. कोणता चांगला, हे कानाने ठरव. तिसरे, दुकानात स्वतःची गिटार ने. सूर फाटलेला असताना गिटारचेच बटण अर्धे कमी कर. सूर साफ झाला तर मशीन हाताचे ऐकते. नुसता बारीक झाला आणि तसाच खरखरत राहिला तर पुढच्या दुकानात जा.

आणि कोणी अमेरिकेहून आणून देत असेल तर मागची पाटी वाच. तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. मागचे झाकण स्वतः उघडू नकोस. आत तीनचारशे व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही काही वेळ दडून राहतात. वाल्व्ह आता मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये बनतात. आपल्या बंगळूरला भारत इलेक्ट्रॉनिक्सने एकेकाळी बनवले, ते आता जुन्या साठ्यातच सापडतात. तेव्हा दुरुस्त करणारा माणूस आधी शोध, मग मशीन घे.

भाच्याने पंधरा वॉटचा, वापरलेला घेतला. जानेवारीत मी पुण्याला गेलो तेव्हा त्याने तो दाखवला. काचेत तीच नारिंगी उब होती. त्याने बटणाकडे हात नेला आणि थांबला. मागे वाकून स्पीकरची तार ओढून पाहिली, पक्की आहे ना. मग वीज लावली.

मी त्याला काही बोललो नाही. त्याने काय वाजवले, ते मला फारसे कळले नाही. पण आवाज फाटला, चिरकला नाही.