नगरचे ह्यूम कुटुंब

* ह्यूम यांच्या काळात बीड निजामाच्या राज्यात होते; पण तिथल्या आष्टी तालुक्याला नगर जिल्ह्याची हद्द लागून असल्याने त्या भागातल्या आठवणींत नगरच्या अमेरिकन मराठी मिशनचे उल्लेख येतात. त्याच मिशनचे रॉबर्ट अ‍ॅलन ह्यूम (१८४७–१९२९) यांचा जन्म मुंबईचा. वडीलही मिशनरी, १८५४ मध्ये मायदेशी परतताना त्यांचा समुद्रप्रवासातच मृत्यू झाला आणि आईने मुलांना अमेरिकेत वाढवले. तरीही रॉबर्ट १८७४ मध्ये परत आले, ते नगरला राहण्यासाठीच. पहिली पत्नी अ‍ॅबी १८८१ मध्ये वारली. पुढे १८८७ मध्ये त्यांनी वडाळ्याच्या फेअरबँक मिशनऱ्यांची मुलगी केटी हिच्याशी लग्न केले. या घराण्यांच्या सोयरिकी अशा आपसांतच जुळत. त्यामुळे लेकीसुनांचे माहेर-सासर याच मुलखात असे, आजोळ मात्र साता समुद्रांपलीकडे.

या संसारांचे खरे दुःख मुलांच्या ताटातुटीचे होते. शिक्षणासाठी लहान वयातच त्यांना अमेरिकेला नातेवाइकांकडे ठेवावे लागे आणि पुढची भेट कित्येक वर्षांनी. अशा मुलांसाठी कोडाईकनालची निवासी शाळा निघाली, ती १९०१ मध्ये. मिशनच्या अहवालांत शाळा, दुष्काळ, बाप्तिस्मे सविस्तर येतात. या आयांविषयी फार थोडे सापडते, म्हणून ही टीप लांबवली आहे. ह्यूम यांची मुलगी रूथ डॉक्टर होऊन नगरलाच परतली. १८७७ मध्ये नगरला जन्मलेला मुलगा रॉबर्ट अर्नेस्ट याने तेरा प्रमुख उपनिषदांचे इंग्रजी भाषांतर केले. ते १९२१ मध्ये प्रसिद्ध झाले. — संपा.